फुटक्या ताटल्यांची राखण

झाडीत शिरण्याआधी बाई कडेच्या ओकच्या खोडावर दोनदा टकटक करायच्या, कुणाच्या दारावर करावी तशी. मग मान किंचित तिरकी करून थांबायच्या. आतून कुणी ‘या’ म्हणालं असावं अशा थाटात मान हलवायच्या आणि आत जायच्या. दर रविवारी, चर्च सुटल्यावर, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून.

हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. आमचं घर अटलांटाच्या उत्तरेला, एका नव्या वसाहतीत. निम्म्याहून जास्त घरं आपल्या देशातल्या लोकांची, त्यात चौदा मराठी. घरांच्या मागे बिल्डरने अजून हात न लावलेली दोनेक एकर झाडी. त्या झाडीत एक काळी, उंचापुरी, सत्तरीची बाई शिरते आणि झाडाशी बोलते म्हटल्यावर वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा झालीच. “गाइज, हू इज धिस लेडी? पोलिसांना कॉल करायचा का?” खाली अंगठे उमटले. त्यात एक माझाही होता, खोटं कशाला बोलू?

लाज राखली ती माझ्या लेकीने. ईरा तेव्हा तिसरीत होती. ती खिडकीशी येऊन ओरडली, “आई, दॅट्स अवर बस ड्रायव्हर!”

ज्या बाईंच्या हाती आम्ही रोज सकाळी आमची पोरं सोपवत होतो, त्यांच्यावरच पोलीस बोलवायला निघालो होतो. पिवळ्या बसमध्ये उंचावर बसलेल्या असल्या की ओळखीच्या, आणि पायी आल्या की संशयित. तुम्हीही असंच कुणाला तरी फक्त गाडीतच ओळखत असाल, बघा आठवून.

पुढच्या रविवारी मी आल्याचा चहा घेऊन गेले. एकीकडे माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे चौकशी करायची होती. बाई घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि पिशवीतल्या डब्यातून बर्फाचे चार खडे काढून माझ्या उकळत्या चहात सोडले. “आता झाला चहा,” म्हणाल्या. माझ्या आईने पाहिलं असतं तर तिला भोवळ आली असती.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. आमच्या घरात त्या नुसत्या ‘बाई’च होत्या, शाळेतल्या बाईंसारख्या. आणि शिकवायची हौसही तशीच. काही सांगून झालं की विचारायच्या, “लिहून घेतलंस?” मी म्हणायचे, हो. माझ्याजवळ कागद नसायचा, पेनही नसायचं. त्या बोलताना अर्धं लक्ष घरातल्या कुकरकडे असायचं.

त्यांच्या या विचारण्यालाही कारण होतं. त्यांच्या पणजोबांचे वडील इथल्याच कापसाच्या शेतावर गुलाम होते. मालकाच्या यादीत त्यांची नोंद एवढीच : पुरुष, वय अमुक. नाव नाही. उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी संपली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी एक आडनाव निवडलं. मग अकरा घरांनी मिळून हा तुकडा घेतला. एक लाकडी प्रार्थनाघर बांधलं, त्यातच शाळा भरायची, आणि मागे आपल्या माणसांना पुरायला जागा. “मेलेल्या माणसाला मालकाच्या परवानगीशिवाय पुरता येणं ही केवढी चैन होती, तुला कळणार नाही,” बाई म्हणाल्या. काही वर्षं पणजोबांच्या वडिलांनी मतही दिलं. पांढरा शर्ट घालून जायचे म्हणे. मग तेही गेलं. मत गेलं, नंतर एका रात्री प्रार्थनाघर जळालं, घरं एकेक करून दूरच्या शहरांकडे निघून गेली. जमिनीचा कागद कुणाच्या नावावर कसा गेला, ते कुणी धड सांगू शकत नव्हतं. “दिलं, आणि देणारा पाठमोरा होतोय तोवर परत काढून घेतलं. लिहून घेतलंस?”

मी म्हणाले, हो.

उरली ती झाडीतली माणसं, आणि रविवारी त्यांना भेटायला येणाऱ्या बाई. शेवटचं दफन त्यांच्या आईचं. आईच्या शेजारी दोन हात जागा होती. ती दाखवताना बाई एखाद्या मुलीने बसमधली खिडकीची जागा दाखवावी तशा हसल्या होत्या. “ही माझी.”

मग बिल्डरने वसाहतीचा पुढचा टप्पा काढला. कागदोपत्री झाडी त्याचीच. बाईंनी काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीकडे, अर्ज केला की हे स्मशान आहे, याची तशी नोंद करा. काउंटीने सांगितलं, तज्ज्ञ येऊन पाहतील. जेवढ्या जागेत दफनाच्या खुणा सापडतील तेवढी राखली जाईल, बाकीच्या जागेवर घरं होतील. बाईंचं हृदय तोवर कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मला फक्त माझ्या जागेवर झोपायचंय. त्यासाठी सरकारचा शिक्का लागेल, असं आईला वाटलं नव्हतं.”

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला आवराआवरीचा सोस आहे. पाहुण्यांकडे गेले तरी त्यांचा ओटा पुसून येते. तज्ज्ञ बुधवारी येणार होते, आणि आदल्या शनिवारी बाई तपासण्यांसाठी हॉस्पिटलात होत्या. माझ्या डोक्यात कल्पना लखकन चमकली. साहेबलोक येणार आणि जागा ही अशी? काचा, फुटकी भांडी, गचपण? कबर म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे कोरलेली पाटीच यायची, आणि तशी तिथे एकही नव्हती. मी ग्रुपवर टाकलं, “चला, श्रमदान करू या!” अंगठ्याचं पाप धुऊन निघेल असंही मनात कुठेतरी होतं.

पंचवीस माणसं आली. ग्लोव्ह्ज, दाताळी, काळ्या पिशव्या, मोठ्या पातेल्यात पोहे. मंदार, आमचा शेजारी, त्याचा पिकअप घेऊन आला. सकाळी सातपासून दुपारपर्यंत आम्ही राबलो, आणि मनापासून राबलो हो. फुटक्या ताटल्या, तडकलेले कप, औषधांच्या निळ्या बाटल्या, काटे नसलेलं एक घड्याळ, चिमणी नसलेला कंदील. “काय लोक असतात यार, कुठेही डंप करतात,” मंदार म्हणाला, आणि मी मान डोलावली. शिंपले निघाले ते पोरांनी खिशात घातले. निळ्या फुलांची एक वेल जमीनभर पसरली होती, ती मुळासकट उपटली. तलवारीसारख्या पानांची झुडपं होती, तीही काढली. ठिकठिकाणी पडलेले दगड गोळा केले आणि त्यांची वाटेच्या कडेने छान महिरप रचली. जमिनीत लांबट खळगे होते. त्यात पोरं पडतील म्हणून माती ओढून ते बुजवले. शेवटी कचऱ्याच्या पिशव्यांच्या ढिगासमोर सगळ्यांचा फोटो. तो मी बाईंना पाठवला. दोन फेऱ्यांत सगळं कचरा डेपोत गेलं.

रविवारी बाई आल्या. मी शाबासकी घ्यायला आधीच जाऊन उभी होते. त्या आत आल्या आणि थांबल्या. मग अगदी हळू विचारलं, “ताटल्या कुठे आहेत?”

“फुटक्या होत्या, बाई.”

“आम्हीच फोडल्या होत्या.”

मग खुर्चीत बसून, ईराला समजवायच्या त्याच आवाजात, त्यांनी मला समजावलं. माणूस गेला की त्याने शेवटचं ज्यात खाल्लं, ज्यातून औषध घेतलं, ते त्याच्या उशाशी ठेवायचं, आणि फोडून ठेवायचं, म्हणजे मरणाची साखळी तिथेच तुटते आणि मागच्यांना ओढून नेत नाही. कोरीव दगड परवडायचे नाहीत, म्हणून शेतातला एक दगड डोक्याशी, एक पायाशी. निळी वेल आणि ती झुडपं लावलेली, कारण ती मरत नाहीत. आणि खळगे म्हणजे खाली माणूस आहे.

आमच्याकडेही मडकं फोडतात. माझ्या वडिलांच्या वेळी भावाच्या खांद्यावरचं मडकं फुटताना मी पाहिलंय. त्याच्या खापऱ्या कुणी पिशवीत भरल्या असत्या, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. इथे मला एकदाही तो विचार शिवला नाही. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय, आणि येणारं उत्तर मला आवडत नाही.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “तू मदत करायला आलीस. मला दिसतंय ते.” मंदार आणि मी लगेच डेपोवर गेलो. तिथल्या माणसाने डोंगरावरून बुलडोझर फिरताना दाखवला.

तज्ज्ञांना एका कोपऱ्यातल्या चार कबरी सापडल्या, जिथे आमची दाताळी पोहोचली नव्हती. काउंटीच्या सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलं, बाकीच्या खुणा कोणी काढल्या? बाई म्हणाल्या, “माझ्या शेजाऱ्यांनी जागा झाडून दिली.” आमच्याकडे बघितलंही नाही. मी उठले. म्हणाले, आम्ही काढल्या, त्या खुणा आहेत हे आम्हाला कळलं नव्हतं, तिथे सगळीकडे कबरी होत्या. अधिकारी भला माणूस होता. त्याने नकाशा माझ्याकडे सरकवला. “कुठे काय होतं, दाखवू शकाल? एखादा फोटो, काही टिपण?”

फोटो होता तो आमच्या हसऱ्या चेहऱ्यांचा. आणि टिपण? दोन वर्षं दर रविवारी बाई मला एकेक माणूस दाखवत होत्या. या दगडाखाली दाई, त्या कपाशी जुळी मुलं. आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ‘हो’ म्हणत होते. मी नकाशावर पेन टेकवलं आणि मला एकही ठिपका देता आला नाही. बाईंनी स्वतः तीस जागा दाखवल्या. नात्यातल्या माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत, असं त्यांना अतिशय नम्रपणे सांगण्यात आलं.

चार कबरींभोवती काळं कुंपण आलं. बाईंनी दाखवलेली आईची जागा कुंपणाच्या बारा पावलं बाहेर राहिली. पावलं मी मोजली आहेत.

त्यानंतर बाई फार तर दोन महिने येत होत्या. मी वही घेऊन जायचे आणि सगळं लिहून घ्यायचे. त्या सांगायच्या, मध्येच अडखळायच्या, “नाही, तो कप तिथला नव्हता... दगड असता तर सांगितलं असतं.” एकदा मी रडायला लागले, तेव्हा माझ्याच हातातला रुमाल घेऊन त्यांनी माझं नाक पुसलं. “बस चुकली की मूल रडतं,” म्हणाल्या, “पण बस मागे आणता येत नाही, बाळा.”

फेब्रुवारीत त्या गेल्या. हायवेलगतच्या मोठ्या स्मशानात त्यांना पुरलं. हिरवळ, सरळ रांगा, जमिनीलगतच्या पाट्या. फुलांखेरीज काही ठेवायचं नाही असा तिथला नियम. त्यांच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं आहेत.

आमच्या मागच्या टप्प्यात आता घरं झालीत. गेल्या महिन्यात त्यातल्या एका घराची वास्तुशांत होती. पुण्याचं तरुण जोडपं, नेहाला सातवा महिना. तिने मला हौसेने घर दाखवलं. स्वयंपाकघरात आलो तेव्हा मी खिडकीतून कुंपण पाहिलं आणि तिथपासून मनात पावलं टाकली. बारावं पाऊल गॅसपाशी पडलं.

“काकू, तुम्ही इथे इतकी वर्षं आहात ना,” नेहा म्हणाली, “इथे आधी काय होतं हो?”

तिचा हात पोटावर होता. आत होमाचा धूर अजून रेंगाळत होता. वही माझ्या घरी, दोन मिनिटांवर, कपाटात होती.

“झाडी होती,” मी म्हणाले.

तिने प्रसादाचा शिरा माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो तिथेच, गॅससमोर उभी राहून खाल्ला.