बर्गी जावई

माझे सासरे ब्रिस्टलला राहतात आणि आम्ही रीडिंगला. शनिवारी सकाळी चहा पिऊन एम-फोर हायवे धरायचा आणि जेवणाआधी त्यांच्या दारात गाडी लावायची, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. बेल वाजवली की आतून काठीचा आवाज येई. दार फटीएवढं उघडे, आणि बाबा मागे वळून रिकाम्या घराला ओरडून सांगत, "बोर्गी एशेछे! बोर्गी एशेछे!" म्हणजे बर्गी आले, बर्गी आले. मग काठी तोफेसारखी माझ्यावर रोखून "धडाम!" मी छातीवर हात ठेवून त्यांच्या सोफ्यावर कोसळायचं. मेल्याशिवाय चहा मिळत नसे.

याचं कारण मी नागपूरचा. अठराव्या शतकात नागपूरच्या फौजा बंगालवर चालून गेल्या आणि त्यांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. त्या घोडेस्वारांना बंगाली माणूस बर्गी म्हणतो. आम्हाला शाळेत हा सगळा प्रकार दोन ओळींत शिकवला, तोही पराक्रमाच्या धड्यात. तिकडे मात्र बर्गी येतील असं सांगून अजून लेकरांना झोपवतात. बाबांनाही त्यांच्या आजीने बिष्णुपूरला असंच झोपवलं होतं. पुढे ते डॉक्टर होऊन इंग्लंडला आले, इथल्या हॉस्पिटलांमध्ये जन्म काढला, आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीने शोधून शोधून नागपूरचा नवरा केला. "आजीने मला वॉर्न केलं होतं," असं ते आमच्या लग्नाच्या भाषणात म्हणाले. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. मी नुसता ग्रह नव्हतो, स्वारी होतो. पण माझ्या वडिलांनी माझे जेवढे लाड केले नाहीत तेवढे या माणसाने केले. माझा जीव त्यांच्यावर होता आणि आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बाबा म्हाताऱ्यांचे डॉक्टर होते. विसरायला लागलेली माणसं तपासण्यातच त्यांची वर्षं गेली. त्यामुळे मेमरी क्लिनिकमध्ये त्यांना घेऊन गेलो तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाईंना ते प्रश्न कसा विचारावा हे शिकवत होते. प्रश्न त्यांना पाठ होते, उत्तरं नव्हती. परत येताना गाडीत त्यांनी आधी पट्टा नीट लावला. मग म्हणाले, "पुढे काय होतं ते मला माहीत आहे. मला बिष्णुपूरला घेऊन चल. मी गावाला ओळखतोय तोवर. नंतर नेऊन काय उपयोग?" त्यांनी हे मला सांगितलं, मुलीला नाही. मी हो म्हटलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं गेलो. निघण्याआधी मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसलो होतो. कलकत्त्याहून आधी कालना नावाच्या गावी गेलो, कारण तिथे ते लहानपणी आईबरोबर गेले होते. कालन्याला एकशे आठ शिवमंदिरांची दोन वर्तुळं आहेत, एकात एक. छोटी छोटी देवळं, सगळी सारखी. बाबांनी एक फेरी पूर्ण केली, दाराशी आले आणि म्हणाले, "चला, आता आत जाऊ." आम्ही पुन्हा आत गेलो. पुन्हा दाराशी आलो, पुन्हा तेच. बायको त्यांचा हात धरून तिसऱ्यांदा आत वळली तेव्हा मला ते बघवेना. बाबांवर रागावता येत नव्हतं, म्हणून बाहेर येऊन मी टोटोवाल्याशी भांडलो. टोटो म्हणजे तिकडची बॅटरीवरची रिक्षा. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. ती सावलीत का लावली नाहीस, यावरून मी त्याला मोडक्या बंगालीत झापलं. उन्हाळा नव्हता, ऊन सगळ्यांना हवंच होतं.

बिष्णुपूरला मात्र नवल झालं. स्टेशनातून बाहेर पडताच बाबांनी माझा हात सोडला. तांबडी माती, विटांची तांबडी देवळं, आणि त्यातून हा माणूस काठी टेकत असा चालला जणू सकाळी दूध आणायला निघालाय. रासोत्सवाचा पिरॅमिडसारखा रासमंच दाखवला. श्यामरायाच्या देवळाशी नेलं. भाजक्या मातीच्या त्या भिंतींवर इंचभर जागा मोकळी नाही, तिथे ते बोट ठेवत गेले. ही शिकार, ही होडी, हे नाचणारे, हा रावण. भिंतीला हात लावू नका म्हणून पाटी होती. मी ती वाचली आणि गप्प बसलो. "याच्या खाली मी भोवरा फिरवायचो," ते म्हणाले. आजीचं घर होतं तिथे आता तीन मजली इमारत आहे. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि मोतीचूर खायला घेऊन गेले.

मग आम्ही तोफेपाशी गेलो. दलमादल तिचं नाव, उघड्यावर एका चौथऱ्यावर ठेवलेली, लांबलचक लोखंडी तोफ. तिथे मुलींच्या एका शाळेची सहल आली होती. बाबा चौथऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी त्या मुलींना गोष्ट सांगायला सुरुवात केली. बर्गी गावाच्या वेशीवर आले. राजा भक्त माणूस, लढाई सोडून कीर्तनात बसला. तेव्हा देव स्वतः, मदनमोहन, देवळातून उठून आला, त्याने ही तोफ डागली आणि बर्गी पळत सुटले. सकाळी पुजाऱ्याने पाहिलं तर देवाच्या अंगाला तोफेच्या दारूचा वास. "आणि त्यातला एक बर्गी," बाबा म्हणाले, "हा बघा, अजून हिंडतोय." काठी माझ्याकडे वळली. "धडाम!" मुली किंचाळल्या. मी छाती धरून गवतात आडवा झालो. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा एकीकडे, मी एकीकडे. बाबा हसता हसता रडायला लागले. बायकोने सगळं फोनवर घेतलं. जमलं, आपल्याला वेळेत जमलं, असं मला गवतात पडल्या पडल्या वाटलं, आणि मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी चहा पिताना बाबांनी विचारलं, "बिष्णुपूरला कधी जायचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "बाबा, आपण जाऊन आलो," मी म्हटलं आणि फोन काढून त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन पाहिला. "हा गृहस्थ गोष्ट छान सांगतो," ते म्हणाले. "आमच्याच बाजूचा दिसतो." मग फोन मला परत दिला आणि विचारलं, "पण आपण कधी जायचं?"

दर शनिवारी हाच प्रश्न. सुरुवातीला मी फोटो दाखवी, तिकिटं दाखवी, वकिलासारखा पुरावा मांडी. त्यांचा चेहरा केविलवाणा होई, की एवढी मोठी गोष्ट या लोकांनी मला न घेता केली. शेवटी बायको म्हणाली, पुरे कर. तेव्हापासून आम्ही "लवकरच जाऊ" म्हणू लागलो, आणि ते खूश होत. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी झालं रे." मी फोन आपटला. ती खोटं बोलत नव्हती, हाच तर राग होता.

यंदाच्या वसंतात त्यांचं जास्त बिघडलं. रात्री उठून ते गॅस लावू लागले. केअर होमचा विषय निघाला. असले विषय आम्ही त्यांच्या घरात मराठीत बोलायचो. बायको मराठी माझ्या आईकडून शिकली, आणि बाबांना ती कळत नाही ही आम्हाला किती सोयीची गोष्ट वाटायची! ते झोपलेत असं समजून आम्ही त्यांच्या खोलीबाहेर उभं राहून हळू आवाजात बोलत होतो. कधी न्यायचं, कोणी सांगायचं, घराचं काय करायचं.

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दार ढकललं तर उघडेना. मग बाबांचा आवाज आला, पण तो नेहमीचा ओरडा नव्हता. कोणाला तरी गप्प राहायला सांगावं तसं ते आत कुजबुजत होते. बोर्गी एशेछे. बोर्गी एशेछे.

क्षणभर मला हसू आलं, खरंच. मला वाटलं खेळ सुरू झाला. मग ते रडत आपल्या आईला हाका मारू लागले. दाराबाहेर दबक्या आवाजात मराठी बोलणारी माणसं घराचं काय करायचं ते ठरवत होती. त्यांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

"बाबा, मी आहे. तुमचा जामाई," मी माझ्या बंगालीत म्हणालो. माझ्या बंगालीला नागपूरचा हेल आहे, तो आजवर त्यांच्या थट्टेचा विषय होता. आतलं रडणं वाढलं. बायको दाराला गाल लावून जमिनीवर बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्लीज, तू बाहेर जा. त्यांना दिसू दे तू जाताना." हे ती इंग्रजीत म्हणाली. त्या घरात ती त्यानंतर मराठी बोललेली नाही.

मी बाहेर आलो. खिडकीचा पडदा हलला आणि काचेला काठीचं टोक टेकलं. माझ्यावर रोखलेलं. इतकी वर्षं मी या क्षणाला छाती धरून पडत आलो होतो. पण आज पडलो असतो तर त्यांच्या फाटकाशी बर्गी पडून राहिला असता. गोष्टीत बर्गी पळतात. म्हणून मी पळालो. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होती, तिने विचारलं, "आर यू ऑलराइट?" मी हात हलवला आणि वळणापर्यंत पळतच गेलो.

तिथे एका भिंतीवर बसून राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुष्कळ वेळाने फोन वाजला. बायकोचा आवाज बसला होता, पण त्यात हसू आणायचा प्रयत्न होता.

"दार उघडलं त्यांनी. भात खातायत," ती म्हणाली. "तुझी आठवण काढतायत. जामाई अजून कसा आला नाही, म्हणून काळजीत आहेत."

"मग येऊ मी?"

"ते म्हणतात, त्याला फोन करून सांग, बाहेर बर्गी फिरतायत. आज येऊ नको म्हणावं. जिथे आहेस तिथेच सांभाळून राहा."

"त्यांना सांग," मी म्हटलं, "मी आज येत नाही."