कुवानोंचे तीन चेंडू

शिगेकिची कुवानो आमच्या बेसबॉल संघात अकरा वर्षं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते आणि त्यातली निम्मी वर्षं बाकावर बसून होते. तोफूवाल्याचा मुलगा, बोलायला कमी, हट्टाला पुरेपूर. मी त्यांचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून त्यांचे चेंडू झेलणारा, सहा वर्षांनी धाकटा आणि साहेब म्हणतील त्याला मान डोलावणारा.

शोवा ५१च्या, म्हणजे १९७६च्या, ऑक्टोबरात हंगामाचा शेवटचा सामना होता. होमरनच्या, म्हणजे थेट भिंतीपलीकडे मारलेल्या फटक्यांच्या, यादीत आमचा इनोकुमा अडतीसवर पहिला होता, पण मनगट दुखावल्याने त्या दिवशी बाकावर. सदतीसवर होता सेंगोकु, आणि तो नेमका समोरच्या संघात. अशा वेळी काय करतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समोरच्याला फटकाच मारू द्यायचा नाही. कॅचरने उभं राहून हात लांब करायचा, पिचरने चार चेंडू बॅटच्या पल्ल्याबाहेर टाकायचे आणि त्याला फुकटात पहिल्या बेसवर धाडायचं. याला आम्ही आपल्या माणसाची काळजी घेणं म्हणायचो. मला त्याची लाज वाटायची, तरी हात मी लांब करतच होतो.

त्या दिवशी सेंगोकुला तीनदा असं धाडलं. तिसऱ्या वेळी चिडून त्याने हाताला न येणाऱ्या चेंडूवरही बॅट फिरवली. आमचेच प्रेक्षक आम्हाला शिव्या घालू लागले. आठव्या डावात व्यवस्थापक ओनोदेरांनी कुवानोंना पाठवलं. माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, चार चेंडू बाहेर टाक, पुढच्या वर्षापासून सरावाला चेंडू टाकायची नोकरी तुझी. चौतिशीला आलेल्या, खांदा गेलेल्या, दोन मुलींच्या बापाला याहून बरं काही मिळणार नव्हतं. कुवानो नुसते वाकले. मला वाटलं, झालं काम.

सेंगोकु आला. मी उभा राहिलो, हात लांब केला. कुवानो चेंडू टाकेनात. शेवटी मी धावत त्यांच्यापाशी गेलो.

"कुवानोसान, नोकरी जाईल हो. चारच तर चेंडू आहेत, टाका ना बाहेर."

"इनोकुमाला विचारलं का कोणी, असला पहिला नंबर हवाय का म्हणून?"

"तो कुठे काय बोलणार?"

"तो बोलत नाही, तू बोलत नाहीस. मला चेंडू टाकता येतो, तेवढं तरी करू दे. जा, खाली बस."

मागून ओनोदेरा माझ्या नावाने खेकसत होते. तरी जाऊन बसलो. आयुष्यात मी केलेलं धाडस म्हणाल तर एवढंच.

पहिला चेंडू सेंगोकुला दिसलाही नाही. दुसरा त्याने रेषेबाहेर मारला. आणखी एक चुकला की तो बाद. तिसरा मात्र समुद्राकडच्या भिंतीपलीकडे गेला. अडतीस-अडतीस. बेसना फेरी मारताना सेंगोकुने हेल्मेट काढून कुवानोंना मान लववली. कुवानो परतले तेव्हा आमच्या बाकावरचं कोणी त्यांच्याकडे बघेना. इनोकुमा तेवढा उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने कुवानोंना गार चहा दिला.

नोकरी अर्थातच गेली. कुवानो बायकोच्या ओदेनच्या, म्हणजे रश्शात शिजवलेल्या मुळ्या-तोफूच्या, दुकानात मुळे सोलायला बसले. वीस वर्षं मी दर हिवाळ्यात तिथे जेवायला जायचो आणि विचारायचं टाळायचो. एकदा धीर करून विचारलंच, पश्चात्ताप होतो का?

सुरी न थांबवता म्हणाले, "होतो ना. तिसरा चेंडू गुडघ्यापाशी टाकायचा होता. वीतभर वर गेला. नाहीतर बाद होता तो."