एसीखालची बादली

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या लातूरच्या गल्लीत आठवड्याला एकच टँकर येई. एसी साफ करायला येणारे ते गृहस्थ आधी यंत्राला कान लावत, मगच पाना उचलत. जाळ्या धुण्यासाठी मी टँकरच्या पाण्याची बादली पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या, सर. ह्याचं पाणी ह्याला लई झालं."

नळीखाली एक रिकामी बादली ठेवून, तासभर एसी चालवून ठिबकलेले दोन तांबे पाणी त्यांनी जमवले. तेवढ्याच पाण्यात साऱ्या जाळ्या लख्ख केल्या. गढूळ पाणीसुद्धा जिना उतरून कडुलिंबाच्या मुळाशी ओतले. वर येऊन त्यांनी ठिबकत्या नळीकडे बोट दाखवले.

"रोज कुठं जातंय हे?"

"गटारात," मी हळूच म्हणालो.

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी फक्त रिकामी बादली पुन्हा नळीखाली सरकवली.