नकाशावरचा फुगवटा

पट्टीवाले आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही तोंडाने नव्हे.

नदीत रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं, कुठवर उतरलं, हे सकाळी आठला आणि दुपारी दोनला वाचून वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. चौतीस वर्षं केली. अंगात ताप असो, घरात लग्न असो, वडील वारलेले असोत, एकही आकडा चुकला नाही. बायको म्हणायची, "तुमच्यापुढे चहा ठेवायची भीती वाटते. कपात किती बोटं कमी आहे ते सांगाल." ते हसायचे, आणि खरंच सांगायचे. खोटं बोलायला डोकं लागतं, ते आपल्या वाट्याला आलेलं नाही, असं त्यांचं स्वतःविषयी मत होतं. गावाचंही तेच होतं.

गाव नदीवरचं शेवटचं. त्याच्या वर खिंड. खिंडीच्या अलीकडचं पाणी एका समुद्राला जायचं, पलीकडचं दुसऱ्याला. पट्टीवाल्यांचा एक लाडका सिद्धांत होता. पाणी ज्या वाटेने खाली जातं, त्याच वाटेने देव वर येतो, असं ते म्हणायचे. कधीकाळी धर्म सांगणारे दोन्हीकडून नदीच्या काठाकाठाने चढत आले आणि खिंडीपाशी दमून थांबले. म्हणून अलीकडच्या उतारावर एक प्रार्थना आणि पलीकडच्या उतारावर दुसरी. त्यांच्या मागून त्याच वाटांनी सैन्यं आली, कर वसूल करणारे आले, शेवटी वर्तमानपत्रं आली. "डोंगराचा चढ जरा कमी असता," ते म्हणायचे, "तर आपण सगळे एकाच देवाला कंटाळलो असतो."

त्यांची एकुलती एक बहीण पलीकडच्या सुताराला दिली होती. दिली कसली, तिने स्वतःच ठरवलं होतं. आई गेल्यावर पट्टीवाल्यांनीच तिला वाढवलेलं, त्यामुळे तिला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. लग्नात दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली, आणि जेवताना दोन्हीकडच्यांनी हात आखडता घेतला नाही. सुताराने खिंडीतल्या सपाटीवर घर बांधलं. दर रविवारी दोनचा आकडा लिहून पट्टीवाले वर चढायचे, बहिणीच्या हातचं जेवायचे आणि मेव्हण्यांच्या कामात चुका काढायचे.

मग मोठी लढाई झाली आणि संपली. दूर कुठल्याशा शहरात लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या लोकांनी ठरवलं, की या खंडातल्या सीमा आता नैसर्गिक असाव्यात. निसर्गाला कुणी विचारलं नव्हतं. डोंगरावर जिथे पाणी दोन वाटांना लागतं, तिथून दोन देशांची रेघ जायची होती.

पण त्या सपाटीवर सगळी दलदल. पाणी कुठे जातं हे डोळ्यांना कळायचं नाही. तेव्हा रेघ आखायला आलेल्या अलीकडच्या साहेबांनी युक्ती काढली. सुताराच्या घरामागे एक झरा होता, तो थोडा वाहून जमिनीत गडप व्हायचा. त्यात लाल रंग ओतायचा. दोन्ही देशांची माणसं आपापल्या उतारावर ओढ्याकाठी थांबतील. ज्याच्या ओढ्याला रंग येईल, त्याचा झरा, आणि झऱ्यालगतचं घरही त्याचंच. दलदलीत पाय कुठे टाकावा हे फक्त पट्टीवाल्यांना ठाऊक, म्हणून डबा त्यांच्या हाती दिला. पलीकडच्या साहेबांनीही मान हलवली. त्यांनी वह्या पाहिल्या होत्या, इतक्या वर्षांत एक खाडाखोड नव्हती.

झरा कुठे जातो, हे पट्टीवाल्यांना रंगाशिवाय माहीत होतं. बहीण लाकडाचा भुसा त्यात टाकायची आणि तो पलीकडच्या ओढ्यात निघायचा. त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणजे रंग इथे ओतला, की बहीण परदेशात. तिला भेटायला उद्यापासून परवानगी, शिक्का, चौकी.

ते झऱ्यापाशी उभे राहिले, मग पन्नास पावलं मागे आले आणि अलीकडे वाहणाऱ्या एका चरात त्यांनी डबा रिकामा केला. दीड तासात अलीकडचा ओढा लाल झाला. इकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

रिकामा डबा मात्र ते झऱ्यावर धुवायला गेले. काम झालं की भांडं धुऊन परत द्यायचं, ही हाताची सवय. पाणी गुलाबी झालं, मग विरून गेलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. जेवताना बहीण म्हणाली, "दादा, नखांत रंग राहिलाय," आणि तिने साबण पुढे केला.

रेघ तिच्या घराला वळसा घालून पलीकडून गेली. घरामागे तीस पावलांवर सीमेची काटेरी तार आली. पट्टीवाले महिनाभर गुणगुणत होते. आपण कुणाचं काही बिघडवलं नाही, एक घर तेवढं जवळ ठेवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अकरा वर्षांनी नवा विचार आला. तोही नदीच्याच वाटेने, छापून. एक भूमी, एक लोक, एक प्रार्थना. वाचायला सोपा होता, म्हणून पटकन पटला. ज्यांच्या घरांची दारं-खिडक्या सुताराने बसवल्या होत्या, त्यांनी त्याला हाक मारणं सोडलं. लोक एकमेकांना पाण्यात पाहू लागले, आणि जन्मभर पाण्यात पाहणाऱ्या पट्टीवाल्यांना हे सगळ्यात शेवटी कळलं. मग नोटीस लागली. दुसरी प्रार्थना करणाऱ्यांना खाली मैदानातल्या वसाहतीत नेण्यात येईल. पहिल्या खेपेला गेलेल्यांची पत्रं आली नव्हती. तारेपलीकडे सुताराचे भाऊ सुखात होते, त्यांच्या चुलीचा धूर बहिणीच्या खिडकीतून दिसायचा. पण तार ओलांडणाऱ्यावर गोळी झाडायचा हुकूम होता.

पट्टीवाल्यांनी सगळं कबूल करणारा अर्ज लिहिला आणि कचेरीत साहेबांपुढे ठेवला.

"रेघ चुकीची आहे, साहेब. मी फसवलं. ते घर आपलं नाहीच. मला काय ती शिक्षा करा, पण त्यांना तुम्ही नेऊ शकत नाही."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"रेघ हलत नाही, काका. रेघेवर सह्या आहेत. हे खरं धरलं तर ती दोघं शत्रूची माणसं ठरतात, आपल्या हद्दीत अकरा वर्षं दडून बसलेली. आज त्यांना नुसतं हलवायचंय. हा कागद फायलीत गेला तर भिंतीपाशी उभं करून गोळ्या घालतील." त्यांनी अर्ज फाडला. "उपकार समजा आणि घरी जा."

ट्रक सकाळी आला. बहिणीला सुटका होती, नवरा सोडल्याचं लिहून दिलं असतं तर. तिने सही केली नाही. सुतार आधी चढला, त्याने हत्यारांची पेटी मागितली, ती मिळाली नाही. पट्टीवाले ट्रकच्या फळीला धरून उभे होते.

"ताई, तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. लहान बहिणीला ते लाडाने ताईच म्हणायचे. "त्या दिवशी तो रंग मी..."

"तू डबा धुतलास तेव्हा मी खिडकीत होते," ती म्हणाली. "सगळं पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"यांनी मला दोनदा विचारलं, पाणी गुलाबी कशाने झालं. मी म्हटलं, माझी ओढणी धुतली." तिने सुताराकडे पाहिलं. तो ऐकत होता. "मला माहेर जवळ हवं होतं, दादा."

सुतार बाजूला सरकला. त्याने तिला बसायला जागा करून दिली.

ती परत आली नाही, तोही नाही. त्या दिवशी दोन वाजता पट्टीवाल्यांनी पट्टी वाचली आणि आकडा लिहिला. तो बरोबर आहे.

आता शाळेत मुलं देशाचा नकाशा काढतात, तेव्हा खिंडीपाशी रेघेला मुगाएवढा फुगवटा द्यावा लागतो. सरळ काढली तर मास्तर अर्धा गुण कापतात.