पाणी डोंगराकडून आलं

दोन हजार सात सालच्या जूनमध्ये आम्ही मस्कतजवळ अल हैलला, समुद्रालगतच्या इमारतीत तळमजल्यावर राहत होतो. वादळ येतंय असं टीव्हीवर सांगत होते. नवरा सकाळीच जवळच्या माबेला भागातल्या बांधकामाच्या साइटवर सामान बांधून ठेवायला गेला होता आणि दुपारपासून त्याचा फोन लागत नव्हता. मी मुलीला जवळ घेऊन खिडकीतून समुद्राकडे बघत बसले होते.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, ग्रेनाडाची. कॅरिबियन समुद्रातला आपल्या एखाद्या तालुक्याएवढा हा देश. तिचे पणजोबा मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून बोटीने तिकडे गेलेले. तिला हिंदी येत नव्हती, पण रोटीला ती रोटीच म्हणायची.

ती खाली आली आणि म्हणाली, "मुलीला घे आणि वर चल."

"समुद्र तर अजून लांब आहे."

"समुद्राकडे नको, डोंगराकडे बघ. आमच्याकडेही असंच आहे, पुढे समुद्र, पाठीला डोंगर. पाऊस कोसळला की डोंगर सगळं खाली सोडतो."

वर गेलो. वीज गेली, खिडक्या थडथडू लागल्या. मुलगी रडायला लागली तशी ती तिला आपल्या बेटाविषयी सांगू लागली. आधी फ्रेंच आले, मग इंग्रज. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. त्यांचे ढोल अजून कार्निव्हलला वाजतात. जायफळावर घरं चालतात, झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे. आवाज शांत होता, पण मधेच उठून ती खिडकीची कडी पुन्हा पुन्हा तपासत होती.

"आंटी, तुम्हांला पण भीती वाटते?" मुलीने विचारलं.

"वाटते. तीन वर्षांपूर्वी आमच्या बेटावर असंच वादळ आलं, तेव्हा मी इथे ड्यूटीवर होते. गावातली छपरं उडाली. आई जिवंत आहे की नाही, कितीतरी दिवस कळलं नाही." मग म्हणाली, "आमची जायफळाची झाडं मुळासकट गेली. नवीन झाड फळायला वर्षं लागतात. आई म्हणाली, आता माझ्याच्याने लावणं होणार नाही."

तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. कोरड्या वादीतून, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यातून, तपकिरी पाणी फाटकात घुसलं. उभी गाडी उचलली गेली. आमचं दार फुटल्याचा आवाज मी वरून ऐकला. मुलीचे कान मी घट्ट दाबून धरले.

नवरा दुसऱ्या दिवशी चालत आला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. वादीच्या पलीकडे पेट्रोल पंपावर अडकून पडला होता.

"खाली दार फुटलेलं होतं," तो म्हणाला, "आत नुसता चिखल. मला वाटलं तुम्ही..."

त्याने मुलीला जवळ ओढलं. नर्सने त्याच्यापुढे चहा ठेवला.

भिंती वाळेपर्यंत आम्ही तिच्याकडेच राहिलो, मग वरच्या मजल्यावरच घर घेतलं. त्यानंतर कित्येक महिने मुलगी तळमजल्यावरच्या कुणाच्याही घरात पाऊल टाकायला तयार नव्हती.