टाचेखालचा पत्रा

हिराजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरदेवाच्या पोटाभोवती टेप धरून उभा होतो. पलीकडून जयूवहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले ओ..." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "गाडीखाली?"

"नाय ओ. खाटेवर. जेवले, आडवे झाले, उठलेच नाय."

"सुटलो रे देवा!" मी ओरडलो. नवरदेवाने घाबरून पोट आत ओढलं आणि तेच माप वहीत गेलं. लग्नात त्याच्या सुटाची बटणं लागली नाहीत, ती हिराजीमुळे. त्याला हे फार आवडलं असतं... पण माझ्या ओरडण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी हा माणूस अंगणात उंच चढवलेल्या गाडीखाली पाठीवर पडून ठिणग्या उडवायला लागला. तेव्हापासून मुरबे गावातल्या प्रत्येकाने त्याचं मरण आपापल्या परीने ठरवून ठेवलं होतं. कुणी जॅक निसटवला होता, कुणी शॉक दिला होता. त्याने सगळ्यांना चकवलं. ताटातलं शेवटचं भात-कालवण संपवून, हात धुऊन, स्वतःच्या खाटेवर गेला. रडलो मी नंतर, भरपूर. पण आधी सुटकेचा निःश्वास सोडला, हे खरं आहे.

हिराजी मुरब्याचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. मी पालघरच्या बाजारातला शिंपी. त्याच्या बोटीवरच्या छपराचं जाड कापड शिवायला तो दुकानात आला आणि तिथेच बसला, तो पुढची पंचवीस वर्षं. मला 'मास्तर' म्हणायचा. छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी समुद्र बंद केला, मुलांनी बोट विकली, आणि हिराजीकडे उरली ती सुरमई. सुरमई म्हणजे त्याची गाडी. मासळीच्या चांगल्या दिवसांत घेतलेली, चंदेरी, लांब, नाकाने थोडी वाकडी. दर रविवारी हिराजी आणि जयूवहिनी तिच्यातून एडवणला वहिनींच्या माहेरी जायचे. तो चालवायचा, ती बाजूला बसून त्याच्या चालवण्यावर बोलायची. संसार म्हणतात तो हाच, असं माझं मत आहे.

मग एकदा मनोरच्या बाजारातून येताना गतिरोधक आला. वहिनींनी सवयीने पाय रोवला, आणि पाय थेट खाली गेला! खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा बिस्किटासारखा झाला होता. गाडी हळू होती म्हणून पाय वाचला. चप्पल मात्र मनोरच्या रस्त्यावर राहिली. वहिनी उतरल्या, दुसरी चप्पलही तिथेच फेकली आणि अनवाणीच रिक्षात जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी अंगणात जाहीर केलं, "फुटक्या तळाच्या होडीत मी बसायची नाय. परत कदी बोलवू नका." झालं. पुढच्या रविवारी हिराजी एकटाच एडवणला निघाला आणि वेशीवरून परत आला. "मास्तर," मला म्हणाला, "बाजूला कोणी बोलत नसलं तर गेअर कदी बदलायचा ते पन समजत नाय."

गाडी बाहेर दुरुस्तीला द्यायला तो तयार नव्हता. आपल्या बोटीचा तळ आपण बघायचा, ही त्याची रीत. बोटीची फळी कुजली की नाही हे तांडेल टाच मारून, आवाज ऐकून ठरवतो. हिराजीने सुरमईच्या तळावर टाच मारली तेव्हा आवाजाऐवजी गंजच पडला. बोटवाला माणूस, त्याच्या मते मजबूत म्हणजे जाड. बोटींची लोखंडी कामं करणाऱ्याकडून त्याने सळईने जोडणारी एक दणकट वेल्डिंग मशीन मागून आणली, बोटीचीच जाड पट्टी घेतली, आणि पहिला जोड मारला. आळीतले दिवे गेले. दुसरा मारला. पत्र्याला नवं भोक पडलं. ते बुजवायला गेला, खिडकी झाली. "अजून थोडं करा," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हंजे खालूनच चढता येईल."

तेव्हा स्वतःची मशीन घ्यायची ठरली आणि आम्ही बोईसरला गेलो. हिराजीने तळाचा एक कापलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून नेला आणि दुकानाच्या काउंटरवर पापलेट ठेवावं तसा ठेवला. "याला जोडून दाखव." दुकानदार हिंदी बोलणारा, हसतमुख. "चाचा, ये तो कागज है। डंडी वाली से जलेगा ही।" त्याने दोन मशिनी पुढे केल्या. एक फार नाजूक काम करणारी, आणि तिला चक्क पायाने दाबायची पट्टी! माझा जीव तिच्यावर जडला. माझ्या शिलाई मशीनची सख्खी मावसबहीणच. मी हिराजीला कोपराने ढोसलं, "हीच घे." तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, मी गाडीखाली पाठीवर. पाय कुटं मारू? आभाळाला?"

दुसरी मशीन बारीक तार सोडणारी, सोबत गॅसची नळी. तार वितळून जोड होतो आणि गॅस त्या जोडाला हवा लागू देत नाही. घरच्या मोठ्या प्लगवर चालते. दुकानदाराने त्या तुकड्यावर एक ठिपका मारला, थांबला, लांब दुसरा मारला, थांबला, मग मधला. पत्रा ना जळला, ना वाकडा झाला. मी टाळी वाजवली. "अरे, हे तर कच्चे टाके! मलमलीला सुतळी चालत नाही हिराजी, बारीक दोरा लागतो. आणि एका दमात शिवत सुटलास तर कापड गोळा होतं." हिराजीने तुकडा उचलला, जमिनीवर ठेवून टाच मारली, ऐकलं आणि म्हणाला, "हाय." पसंतीचा त्याचा एवढाच शब्द.

मशीन मुरब्याला आली आणि समुद्राने नाक मुरडलं. अंगण पश्चिमेला उघडं. वारा गॅस उडवून न्यायचा आणि जोड जाळीदार आंबोळीसारखा यायचा. मी उरलेल्या छपराच्या कापडाचा लांब पडदा शिवला. तो धरून मी एका बाजूला उभा, तर वारा दुसऱ्या बाजूने. असे आम्ही चार सकाळी गोल फिरलो. पाचव्या दिवशी वहिनींना राहवलं नाही. पदर खोचून आल्या आणि पडदा माझ्या हातातून घेतला. "सगला जल्म बोंबील सुकवले मी. वारा मला विचारा की! न्याहारी झाली की पडतो, मंग खाडीकडनं उठतो. तेवड्यात काय ते करा." तेव्हापासून रोज न्याहारीनंतर त्या पडदा धरायच्या, आणि "थांबा... थांबा... आता!" म्हटलं की गाडीखालून निळा उजेड चमकायचा. नवऱ्याला इतक्या हुकमाने वागवायची संधी त्यांना बोटीच्या काळात मिळाली नव्हती. दोघंही खूश होते. हिराजीने त्यांच्या बाजूचा तळ आधी घेतला. "आणि तुझी बाजू?" मी विचारलं. "बगू नंतर," तो म्हणाला.

वहिनींच्या बाजूचा तळ पुरा झाला, काळा रंग लागला. वहिनींनी चप्पल काढली, दार उघडलं आणि टाच मारली. ठण्ण! हिराजी तोंडावरची वेल्डिंगची काच कपाळावर ढकलून उभा. वहिनींनी पुन्हा मारली, मान तिरकी करून ऐकलं. "हाय," त्या म्हणाल्या आणि बसल्या. "चला एडवणला." तो एडवणपर्यंत कपाळावरची ती काच काढायला विसरला. मी मागे बसून सगळं ऐकत होतो. गेअर बरोबर वेळेवर बदलत होते.

त्यानंतर त्यांना बरेच रविवार मिळाले. वेळेत झालं, याचं मला अजून बरं वाटतं.

परवा मुरब्याला गेलो. मशीन जाळ्यांच्या खोलीत आहे, मी शिवलेल्या सुटाच्या कापडाच्या खोळीत, अगदी नवरदेवासारखी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एडवणला सोडा मला." त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं, चप्पल काढली, टाच मारली. ठण्ण. "हाय." बसल्या. मी पलीकडून हिराजीच्या जागेवर चढलो आणि मलाही मोह झाला. टाच उचलली...

"नको ओ!" त्या किंचाळल्या. मी पाय अधांतरी धरला. वाकून पायाखालची रबरी चटई उचलली. पत्रा तपकिरी, पापुद्रे सुटलेला. एका ठिकाणी त्यातून अंगणातला शिंपला दिसत होता. एवढे सगळे रविवार हा माणूस त्यावर पाय ठेवून, तोंडातून अक्षर न काढता, तिला माहेरी नेत होता.

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"ते गेल्यावर झाडताना बगितला." वहिनी म्हणाल्या. मग उतरल्या, चप्पल पायात सरकवली आणि जाळ्यांच्या खोलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा काखेत माझा पडदा होता आणि हातात त्याची ती तोंडावर लावायची काच. काच त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"आज रिक्षानं जाते मी. तुमी उद्या या," त्या म्हणाल्या. "न्याहारी करूनच या. वारा तवा पडलेला असतो."