नोकऱ्यांच्या बाजारातले आमचे मालक

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एक दिवसही नोकरी केली नाही; पण नोकरी कशी मिळवावी याबद्दल त्यांच्याइतका ठाम बोलणारा माणूस अख्ख्या गारखेड्यात दुसरा नाही. नव्हता, असं लिहायला हवं. ते जाऊन काही महिने झाले, तरी त्यांच्याबाबतीत हात अजून त्या शब्दाकडे वळत नाही.

मूळचे देवगाव रंगारीकडचे. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तरुणपणी मेंढरं सोडून ते गुरांच्या बाजारात दलाली करू लागले आणि त्यातून शहरात प्लॉट घेऊन दोन मजले उभे केले. खाली ते, वर मी. त्यांना सगळी गल्ली 'मालक' म्हणे, त्यांची बायकोसुद्धा. मी ग्रंथालयात कामाला, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत. पुस्तकांच्या जवळपास वावरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता. दलाली सुटली तरी बाजार त्यांच्या डोक्यातून उठला नव्हता. खांद्यावर कायम एक मोठा चौकड्यांचा रुमाल असे. भाजीवाल्याशी बोलताना, डॉक्टरांपुढे बसताना, एकदा तर बँकेतसुद्धा, त्यांची बोटं त्या रुमालाखाली आपोआप हलू लागत. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे बघ्यांना काही कळत नाही. तोंडानं भाव बोलणारा माणूस मालकांना उघडा वाटे.

शहरात रोजगार मेळाव्याचे फलक लागले की मालकांना तरतरी येई. फलकावर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि कंपन्यांची नावं मुंगीएवढी असत. मालक ती नावं वाचतच नसत. "बाजार भरतोय एवढं बास," म्हणत आणि त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बेकार पदवीधरांची शाळा भरे. सगळ्यांना पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत चालायला लावत, कारण गिऱ्हाईक आधी चाल बघतं. मग दात. "हस," ते एखाद्या इंजिनिअरला सांगत आणि बॅटरीच्या उजेडात त्याचा जबडा तपासत. शेवटी तेल. बाजाराच्या दिवशी बैलाची शिंगं चमकली पाहिजेत, हा नियम त्यांनी जसाच्या तसा पोरांच्या डोक्यांना लावला होता. एका पोराच्या केसांतलं तेल बायोडाटावर असं उतरलं, की कंपनीच्या साहेबानं तो कागद उजेडाकडे धरला तेव्हा पहिल्या पानातून दुसरं पान वाचता आलं. साहेबाचा वेळ वाचला, असं मालकांचं मत पडलं.

बायोडाटा लिहायला मला बसवत. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' असं मी लिहिलं की ते खोडायला लावत. "मास्तर, जनावरानं सोताची तारीफ करायची नसती. मालकानं करायची." मग खाली त्यांच्या तोंडचं एक वाक्य घालावं लागे : 'मुलगा निर्व्यसनी असून लाथ मारत नाही.' 'निर्व्यसनी'च्या पुढचे शब्द मी हळूच गाळत असे. त्यांच्या शाळेतून निघालेल्या पोरांना नोकऱ्या लागल्या नाहीत असं नाही. लागल्या, पण त्या मालकांमुळे की मालक असूनही, हे मला कधी ठरवता आलं नाही.

या शाळेत एकच विद्यार्थी बंडखोर होता, तो म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी कोमल. तिनं डिप्लोमा केला होता आणि ती वर्षभर घरी होती. तेवढ्यात सिल्लोडहून स्थळ आलं. मक्याचे मोठे व्यापारी. त्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि मेळावा शनिवारी होता. मालकांनी लेकीशी सौदा केला : मेळाव्यात नोकरी मिळाली तर स्थळाला नकार, नाही मिळाली तर रविवारी होकार. कोमलनं मान्य केलं, पण शुक्रवारी संध्याकाळी मालक बॅटरी घेऊन पुढे आले तेव्हा ती म्हणाली, "आबा, मी म्हैस नाही."

"तुला म्हैस कोण म्हणतंय? म्हैस आसती तर एवढा घोर नसता लागला."

"मग दात कामून बघता?"

"सवय हाय," मालक म्हणाले आणि बॅटरी विझवली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वाळूजच्या कंपनीत लागली तर बरं. संध्याकाळी घरी येईल."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. पोरीसोबत बाप आणि बापासोबत मास्तर, असा तो ताफा होता. दारात कोमलला निळ्या फितीचं ओळखपत्र गळ्यात घालायला मिळालं. पाहुणे यायचे होते म्हणून सकाळभर कोणी कुणाची मुलाखत घेतली नाही. पाहुणे आले, तरुणांनी नोकरी मागू नये तर द्यावी असं बोलले आणि गेले. मग नोकरी मागायला आलेले तरुण टेबलांकडे धावले.

कोमलची पाळी आली त्या टेबलामागे टाय लावलेला एक मुलगा बसला होता. तिनं उत्तरं नीट दिली. शेवटी त्यानं विचारलं, "सॅलरीचं एक्स्पेक्टेशन काय आहे?"

हा प्रश्न त्यानं मोठ्यानं, शंभर माणसांत विचारला. मालकांना ते सहन झालं नाही. ते कोमलच्या मागून पुढे आले, त्या मुलाचा उजवा हात धरला, वर रुमाल टाकला आणि आत त्याची बोटं दाबायला लागले. मुलगा पांढरा पडला. "अंकल, क्या कर रहे हो? सोडा ना," म्हणत त्यानं हात ओढला. मालकांना वाटलं, गिऱ्हाईक घासाघीस करतंय. त्यांनी आणखी एक बोट दाबलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "लाच देतंय म्हातारं." मुलानं हात झटकला, रुमाल खाली पडला, सुरक्षारक्षक आला आणि आम्हा दोघांना मांडवाबाहेर नेऊन सोडलं. कोमल आतच राहिली. तिनं मागे वळून पाहिलंही नाही.

बाहेर लिंबाखाली मालक बसले. रुमाल मी उचलून आणला होता. तो त्यांनी खांद्यावर घेतला नाही, मांडीवर धरून ठेवला.

"त्यानं हात झटकला, मास्तर," ते म्हणाले. "हात झटकला म्हंजे सौदा मोडला. माझ्या पायी मोडला."

"आत कोमल आहे ना. बोलेल ती."

"उद्या सिल्लोडकरांना हो म्हणावं लागंल." रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "लोक चांगले हायेत. पण पोरगी लई शिकली हो. मक्याच्या पोत्यावर बसून काय करील?"

त्या माणसाला मी पहिल्यांदाच भावाबद्दल न बोलता बसलेलं पाहिलं.

उन्हं कलल्यावर कोमल आली. हातात निवडीचा कागद होता. मालक उठले. "वाळूज?"

"चाकण."

पुण्याजवळचं ते गाव मालकांनी मनातल्या मनात मोजलं असावं. "लई लांब हाय," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगता ना आबा, जवळच्या गावात जनावर विकू नये, परत येतं म्हणून."

"ते जनावराचं हाय," मालक म्हणाले आणि रुमालानं तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः सिल्लोडला फोन करून नकार कळवला. फोनवर बोलतानाही त्यांच्या डाव्या हाताची बोटं रुमालाखाली हलत होती.

कोमल निघाली त्या दिवशी आम्ही बसस्टँडवर गेलो. बस सुटायच्या आधी मालकांनी तिच्या बॅगेतून ती मेळाव्यातली निळी फीत काढून घेतली. तिनं विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, "बाजारात जनावर देतात, दावं देत नाय. दावं घरी ठेवायचं आसतं. गोठ्याची बरकत राहाती." नेहमीसारखं ती 'मी म्हैस नाही' म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं बॅगेची चेन लावून घेतली. फीत त्यांनी घरी येऊन दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, आणि रात्री रुमालही त्याच खिळ्याला टांगू लागले.

मालक गेले तेव्हा कोमल आली, तेराव्यापर्यंत राहिली. गल्लीतली पोरं आली होती. कुणाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड, कुणाच्या डोक्याला अजूनही तेल. निघताना तिनं खिळ्यावरचा रुमाल काढला, घडी करून बॅगेत ठेवला. मग निळ्या फितीला हात लावला. मालकीणबाई म्हणाल्या, "ती पण ने की, तुझीच हाय."

कोमलनं फीत नीट सरळ केली आणि तिथेच राहू दिली.